हेड उतरवण्याआधी डावं चाक बघा

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये राहणाऱ्या या वाचकाकडे २०१८ ची १७ सीटर डिझेल व्हॅन आहे. गाडी २ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. सोमवार ते शुक्रवार अंबड-सातपूरच्या कामगारांची ने-आण, शनिवार-रविवार त्र्यंबक, शिर्डी, वणीचा गड. गेल्या चार महिन्यांत मुंबईहून परतताना कसारा घाटात तीनदा टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याला टेकला. पिकअप मेलाय, चढाला काळा धूर येतो, अॅव्हरेज ११ वरून साडेआठवर आलंय. ६० च्या पुढे गाडी थरथरते. पाणी कमी होतं म्हणून ड्रायव्हर मिळेल तिथलं पाणी भरत असतो. एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा-बंद करणारा पार्ट) काढून टाकला, महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्याने गाडी पाहून सांगितलं, हेड (सिलिंडरवर बसणारा इंजिनचा वरचा भाग) गेलंय, इंजिन खोलावं लागेल, ८५ हजार. मोठा भाऊ म्हणतो विकून मोकळा हो. यांचा जीव २०२७ च्या सिंहस्थात अडकलाय. त्यात ड्रायव्हर नवा, त्यामुळे त्याच्यावरही संशय. ताजा कलम: ‘पुढच्या डाव्या चाकाची डिश (रिम) फार तापते, घाट उतरल्यावर जळका वास येतो. पण ते नंतर बघू. येत्या रविवारी गडाची ट्रिप आहे, सीटा फुल आहेत.’

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही ताज्या कलमात ढकललीत. ते डावं चाक ‘नंतर’ बघायचं नाही, सगळ्यात आधी बघायचं. एक तर १७ माणसं घेऊन गड उतरायचा म्हणजे ब्रेकशी थेट संबंध आला. दुसरं म्हणजे पिकअप, अॅव्हरेज आणि घाटातली हीट या तिन्ही तक्रारींचा थोडा तरी वाटा त्या एका चाकाकडे असू शकतो. अडकलेला ब्रेक म्हणजे पाय पेडलवर न ठेवता अर्धवट ब्रेक मारत गाडी चालवणं. इंजिन तेवढं जास्त ओढतं, तेवढं जास्त डिझेल जाळतं आणि तेवढी जास्त उष्णता रेडिएटरवर टाकतं. सपाट रस्त्यावर हे खपून जातं, घाटात खपत नाही.

तुम्ही पत्रात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती आधी मोडू. ‘सगळे त्रास एकाच रोगाचे, आणि तो रोग हेडमध्ये.’ २ लाख ४० हजार चाललेल्या गाडीत तीन-चार लहान बिघाड एकाच वेळी असणं अगदी रोजचं आहे, आणि ते एकमेकांच्या खांद्यावर बसून मोठे दिसतात. हेड खरंच गेलं असेलही. पण ज्या मिस्त्रीने एकही टेस्ट न करता ८५ हजारांचा आकडा सांगितला, त्याने निदान केलेलं नाही, अंदाज बांधलाय. तो फसवतोय असं मी म्हणत नाही. घाटात तापणारी गाडी म्हटली की हेड हा शब्द ओठांवर येतोच.

आता चाक. दहा-बारा किलोमीटर शक्यतो कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवा, थांबा, आणि चारही चाकांजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर गन धरा. ही गन ऑनलाइन स्वस्तात मिळते, आणि व्यावसायिक गाडी ज्याच्या दारात आहे त्याच्याकडे असायलाच हवी. डाव्या-उजव्यात थोडा फरक चालतो. एक बाजू दुसरीच्या दुप्पट तापलेली असेल तर ब्रेक धरतोय किंवा हबचं बेअरिंग गेलंय. नेमकं काय ते ओळखायला गन आधी डिस्कवर आणि मग हबच्या मध्यावर धरा. डिस्क जास्त तापली असेल तर ब्रेक. मधला हब जास्त तापलाय, ग्रीस पातळ होऊन बाहेर आलंय, आणि जॅकवर चाक वर-खाली धरून हलवलं की खेळतं, तर बेअरिंग. हाताने चाचपडू नका, कातडी निघेल.

ब्रेक असेल तर पुढची पायरी बहुतेक गॅरेजमध्ये गाळली जाते, आणि म्हणून चुकीचा पार्ट बदलला जातो. चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, दोन-तीनदा ब्रेक दाबून सोडा. चाक हाताने फिरत नसेल तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, जरासा ढिला करा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर कॅलिपरचा दोष नाही, प्रेशर कुठेतरी अडकून राहतंय. बऱ्याचदा रबरी होज पाइप आतून सुजलेला असतो: पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत यायला वाट राहत नाही. खात्री करायची तर निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबा आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा, म्हणजे लोखंडी पाइपाकडचा जॉइंट ढिला करा. तिथे सोडूनही चाक मोकळं होत नाही आणि निपल सोडल्यावर होतं, तर होजच. बाहेरून तो होज नव्यासारखा दिसत असेल, त्यावर जाऊ नका. निपल उघडूनही चाक जाम राहिलं, तर कॅलिपरचा पिस्टन गंजलाय किंवा सरकणाऱ्या पिना सुकल्यात.

पिना सुकल्या असतील तर साफ करून फक्त ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे चोपडलं तर रबर फुगतं आणि चार महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. पिस्टनला खड्डे पडले असतील तर किट टाकून उपयोग नाही, कॅलिपर बदला. पॅड दोन्ही बाजूंचे जोडीनेच. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो व्हर्नियरने ताडून पाहा. जळलेल्या डिस्कवर निळसर डाग दिसतात. अशी डिस्क ब्रेक मारल्यावर स्टीअरिंगला झटके देते.

हे करताना ब्रेक ऑइल पूर्ण बदला. डॉट ४ चं नवं तेल २३० अंशांच्या पुढे उकळतं, पण ते हवेतली ओल ओढतं, आणि ओल पुरेशी मुरली की तेच तेल १५५ अंशांच्या आसपास उकळायला लागतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाडीला हे लवकर घडतं. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, आणि पेडल सरळ तळाला जातं. दोन वर्षांनी तेल बदलायचं असतं. तुमच्या गाडीचं शेवटचं कधी बदललं हे तुम्हाला आठवत नसेल, तर उत्तर मिळालं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा, एबीएस असेल तर पुस्तिकेतला क्रम पाळा.

चाक मोकळं झालं की तीच गाडी त्याच रस्त्यावर त्याच लोडने चालवून पाहा. काटा, पिकअप, अॅव्हरेज यांत किती फरक पडतो ते वहीत लिहा. त्याशिवाय पुढे जाऊ नका. चार पार्ट एकदम बदलले की नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढेच पैसे जातात.

आता हीट. इथे मिस्त्रीला जायच्या आधी तुम्ही स्वतः एका प्रश्नाचं उत्तर काढायचं: गाडी नेमकी *कधी* तापते? द्वारका सर्कलच्या सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर दोष हवेचा: फॅन, फॅनची विस्कस कपलिंग (आतल्या सिलिकॉन तेलाच्या जोरावर फॅनला इंजिनशी जोडणारा भाग), बाहेरून बुजलेला रेडिएटर. उलट, शहरात ठीक आणि ८० च्या स्पीडला सलग चालवली की तापते, तर दोष पाण्याच्या फिरण्याचा: आतून बुजलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, किंवा रेस केल्यावर आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होज. काटा झोके खात असेल तर पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. आणि काटा चावी लावताच टोकाला जात असेल तर इंजिन तापलेलंच नाही, सेन्सर नाहीतर अर्थिंग गेलंय. थर्मोस्टॅटच्या झाकणावर ती गन धरली की खरं टेंपरेचर कळतं.

कसारा घाटात दोन्ही गोष्टी एकत्र येतात. इंजिन पूर्ण लोडवर आणि समोरून येणारी हवा जवळपास नाही, कारण तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे रांगताय. म्हणून माझा पहिला संशय विस्कस फॅनवर. इंजिन गार आणि बंद असताना फॅन हाताने ढकला. थोडा जड लागून पाऊण-एक फेऱ्यात थांबला पाहिजे. पंख्यासारखा गरगर तीन-चार फेरे फिरला, किंवा कपलिंगच्या मध्यातून काळपट तेल ओघळलेलं दिसलं, तर आतलं सिलिकॉन तेल संपलंय. चांगली कपलिंग गाडी तापल्यावर धरते आणि केबिनमध्ये घोंघावल्यासारखा आवाज येतो. तुमच्या ड्रायव्हरला विचारा, घाटात तो आवाज शेवटचा कधी ऐकला? काही मिस्त्री कपलिंगमध्ये बोल्ट घालून फॅन कायमचा जाम करून देतात. तात्पुरतं घर गाठायला ठीक, पण तसा फॅन हायवेला डिझेल खातो आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर ताण टाकतो.

मग रेडिएटर बाहेरून. लासलगाव-पिंपळगावच्या बाजूला फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत कांद्याची टरफलं जाळीत अडकतात, त्यावर धूळ बसते आणि पावसात त्याचा लगदा होतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असेल तर समोरून टॉर्च मारून काहीच दिसत नाही, कचरा दोघांच्या मधल्या फटीत असतो. वरचे बोल्ट काढून दोन बोटं फट करा आणि आत पाहा. धुवायचं ते इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या नळीने. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पातळ पत्रे आडवे होतात आणि होती ती हवाही बंद होते.

रेडिएटर आतून. ‘मिळेल तिथलं पाणी’ हे तुमच्या पत्रातलं दुसरं मोठं वाक्य. बोअरचं जड पाणी तापलं की क्षार धरतं, किटलीच्या बुडाशी धरतं तसंच, आणि तो थर उष्णता पुढे जाऊ देत नाही. गाडी चालून तापल्यावर बंद करा, फॅन थांबू द्या, आणि गन रेडिएटरच्या अंगावर फिरवा. वरून खाली टेंपरेचर हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. जुना तांबे-पितळेचा रेडिएटर टाक्या उघडून, सळई घालून साफ करता येतो. अॅल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचा असेल तर त्या नादी लागू नका, बदला. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं. तयार मिश्रणाचा डबा आणला असेल तर त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही, ही चूक रोज होते. भरताना गाडीचं नाक चढाला ठेवा, हीटर असेल तर गरम बाजूला पूर्ण उघडा, हवा काढायचा स्क्रू असेल तिथून हवा काढा.

रेडिएटरचं झाकण मात्र न विचारता बदला. सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. त्याच्यावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा बारचा आकडा असतो. सुमारे १ बार दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेली की ते १०० च्या थोडं पुढेच उकळतं, बाहेर फेकलं जातं, आणि तुम्ही म्हणता पाणी कमी होतंय, म्हणजे हेड गेलं.

थर्मोस्टॅट काढणाऱ्या मिस्त्रीबद्दल. काढल्यावर महिनाभर बरं वाटलं, त्यामुळे ‘तोच दोष होता, पण पुरता गेला नाही’ असा तुमचा समज झालेला दिसतो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ८८ अंशांदरम्यान उघडतो आणि त्याआधी पाणी इंजिनमध्येच फिरवतो. बऱ्याच इंजिनांत त्याला मागच्या बाजूला दुसरी चकती असते. तापल्यावर पुढची वाट उघडली की ही चकती इंजिनमधली आतली वाट बंद करते. आख्खा थर्मोस्टॅट काढला की आतली वाट कायमची उघडी राहते, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनमध्ये शिरतं. म्हणजे थंडीत निफाडला पहाटे गाडी तासभर गारच राहील, डिझेल जास्त खाईल, आणि घाटात मात्र आधीपेक्षा लवकर तापेल. नवा बसवा. बसवण्याआधी भांड्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर, आणि दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, असं गॅसवर ठेवून पाहा. कोरलेल्या आकड्याच्या जवळपास उघडायला लागून पुढे साधारण ८-१० मिलिमीटर उघडला की चांगला. डब्यातून निघालेला नवा पार्टही कधी कधी खराब निघतो.

एवढं झाल्यावर हेडचा प्रश्न उरला तर तो अंदाजाने सोडवायचा नाही. एखाद्या पहाटे, गाडी रात्रभर गार झालेली असताना, रेडिएटरचं झाकण उघडा. उघडताना ‘फुस्स’ करून दाब सुटला तर वाईट खूण, कारण रात्रभरात दाब उतरायला हवा. पाणी गळ्यापर्यंत भरा, झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा. पहिले काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पण मिनिट-दोन मिनिटांनंतरही बारीक बुडबुड्यांची माळ येतच राहिली आणि रेस केल्यावर वाढली, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. इंजिन तापायला लागलं की झाकणाजवळ तोंड नेऊ नका. दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग झाकण लावून करा: गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तीच खूण, कारण उष्णतेचा दाब इतक्या लवकर तयार होत नाही.

गॅरेजमध्ये दोन टेस्ट मागून घ्या. एक, कूलिंगची प्रेशर टेस्ट: रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं सोडायचा. दाब उतरला तर गळती आहे, आधी बाहेर शोधा. वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, हीटरच्या नळ्या, क्लॅम्प. बाहेर कुठेच ओल नाही आणि दाब तरी उतरतोय, मग आत. दोन, निळ्या रसायनाची टेस्ट: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि त्यात जळलेला गॅस असला तर निळा रंग बदलून हिरवट किंवा पिवळट होतो. डिझेल इंजिन आयडलला खूप जास्त हवा घेतं, त्यामुळे रंग नुसत्या आयडलवर फसवू शकतो. इंजिन तापवून, रेस देऊन करायला सांगा. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल किंवा सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा गोडसर वासाचा धूर असेल तर हेडवरचा संशय आणखी बळावतो.

या सगळ्यात हेड दोषी ठरलं, तर ८५ हजारांच्या कोटेशनमध्ये काय काय आहे ते लेखी मागा. हेड लेथला जाऊन सपाटपणा पट्टी आणि फीलर गेजने मोजला जाणार का? क्रॅकसाठी दाब भरून तपासणार का? फेस मारणार (घासून सपाट करणार) असेल तर किती, कारण डिझेलचं हेड थोडंच घासता येतं, जास्त घासलं की पिस्टन आणि व्हॉल्वमधलं अंतर संपतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून त्याप्रमाणे जाडीचं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) निवडणार का, की दुकानात असेल ते आणणार? गॅस्केटच्या कडेला जाडीच्या खुणा म्हणून भोकं किंवा खाचा असतात, जुन्याची खूण जपून ठेवायला सांगा. हेड बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवेच हवेत, आणि टॉर्कनंतर अंशांत फिरवून घट्ट करायचे असतात, ‘अंदाजाने दाबून’ नाही. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचाच, कारण कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं. जुने पार्ट पोत्यात घालून परत घ्या. आणि सगळ्यात आधी हे विचारा: हेड *कशामुळे* गेलं? फॅन, झाकण, रेडिएटर यांतला मूळ दोष तसाच ठेवून नवं गॅस्केट टाकलं तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही त्याच गॅरेजच्या बाकड्यावर बसलेले असाल.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर पाहा, मग टर्बोपासून (इंजिनमध्ये हवा दाबून भरणारा) इंटरकूलरपर्यंत (ती हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे जाड होज. गाडी उभी असताना चीर दिसत नाही, प्रेशरने होज फुगला की उघडते. चढाला शिट्टीसारखा किंवा फसफस आवाज आणि जॉइंटपाशी ऑइलचा ओला डाग, ही त्याची ओळख. क्लॅम्प ढिला असणं हेही तितकंच नेहमीचं. होज ठीक असतील तर ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर पुन्हा इंजिनमध्ये सोडणारा) काजळीने उघडाच अडकलाय का, आणि बूस्टचा, म्हणजे टर्बोचा दाब मोजणारा, सेन्सर काजळीने माखलाय का, ते पाहा. सेन्सर फक्त क्लीनर स्प्रेने धुवायचा, आत तार घालायची नाही. स्कॅनरवर कोड आला म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका, आधी वायरिंग आणि सॉकेट तपासा. धूर न येता नुसताच पिकअप पडत असता तर डिझेल फिल्टरवर बोट ठेवलं असतं. तरी फिल्टरखालचं पाणी काढायचा स्क्रू ड्रायव्हरला दाखवून ठेवा. इंजेक्टरचा संशय उरलाच तर चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावून आयडलवर किती डिझेल परत येतं ते मोजायला सांगा. एकाच बाटलीत इतरांच्या दुपटी-तिपटीने साठलं तर तोच एक, चारही बदलायची गरज नाही.

थरथरीबद्दल थोडक्यात: प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा) क्रॉस आणि सेंटर बेअरिंगचं रबर. गिअर टाकताना ‘टक’ असा आवाज येत असेल तर हा संशय आणखी बळावतो. शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूने नाही, पंचने खूण करून घ्या. एक दात इकडे-तिकडे जोडला गेला तरी थरथर नव्याने चालू होते.

ड्रायव्हरला दोष देण्याआधी त्याला काय सांगितलं होतं ते आठवा. चढाला वरचा गिअर रेटत इंजिन कण्हत चालवलं की फॅन आणि वॉटर पंप दोन्ही हळू फिरतात, आणि गाडी तापते. हे त्याचं चुकतंय का, ते एकदा शेजारी बसून पाहा. पण त्याला मधोमध उभं करून ‘तू गाडी खराब केलीस’ म्हणालात, तर पुढच्या वेळी काटा वर गेला तरी तो सांगणार नाही. काटा चढला की आधी एसी बंद, खालचा गिअर, सुरक्षित जागा पाहून उभी. वाफ येत नसेल आणि पाणी असेल तर इंजिन लगेच बंद न करता १२०० ते १५०० च्या रेसवर दोन-चार मिनिटं चालू ठेवायचं, म्हणजे पाणी फिरत राहतं आणि टर्बोलाही ऑइल मिळतं. वाफ येत असेल किंवा पाणी वाहून गेलं असेल तर तत्क्षणी बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात नाही. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं म्हणजे चांगलं हेड स्वतःच्या हाताने फोडणं.

आता विकायचं की ठेवायचं. भावाचं म्हणणं उडवून लावू नका, पण त्याचं मोजमाप चुकतंय. अशा गाडीचं आयुष्य इंजिन ठरवत नाही, सांगाडा ठरवतो. इंजिनचा प्रत्येक पार्ट मिळतो. गाडी रॅम्पवर घ्या आणि मजल्याखालचे आडवे बीम, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, पायरीखालचा पत्रा, चाकांच्या कमानी स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर भाऊ बरोबर. आवाज टणक आला तर गाडी ठेवण्यासारखी आहे. दुसरा हिशोब फिटनेस सर्टिफिकेटचा: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी लागतं, त्यानंतर दर वर्षी. वर्षातून एकदा गाडी दोन दिवस उभी राहणार आणि ब्रेक-लाइट-स्टीअरिंगची कामं करून न्यावी लागणार, हे धरून चाला. तिसरं, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत साधारण धुराचा फिल्टर असतो आणि तो स्वतःला साफ करायला सलग चालणं मागतो. दर चौकात थांबत कामगार उचलणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. नवी घेतली तर दुखणी संपतील असं नाही, वेगळी येतील, आणि सोबत हप्ता येईल.

आणि विकायची ठरलीच तरी आधी निदान करून विका. ‘हीट मारते’ म्हणून विकली तर घेणारा ८५ हजार कापूनच बोलणी सुरू करेल. टेस्टचे कागद हातात असतील आणि दोष फॅन-झाकणाचा निघाला असेल, तर कापायला कारणच उरत नाही.

शाळेची व्हॅन, अॅम्ब्युलन्स, कुरिअरची गाडी चालवणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे: चाकं, झाकण, फॅन, पाणी, हवेचे होज, आणि मग इंजिन.

राहिली रविवारची ट्रिप. नांदुरीहून गडावर जाईपर्यंत फार तर गाडी तापेल आणि लोक वैतागतील. उतरताना प्रश्न वेगळा आहे: आधीच तापलेलं डावं चाक, जुनं ब्रेक ऑइल आणि वळणावळणांचा उतार. गुरुवारपर्यंत ते चाक खोलून मोकळं झालं नसेल, तर पार्टीला त्याच दिवशी फोन करा आणि ट्रिप ओळखीच्या दुसऱ्या सतरा सीटरवाल्याला द्या. त्या दिवसाचं भाडं जाईल. पार्टीला खरं कारण सांगा, ब्रेकचं काम निघालंय. गिऱ्हाईक त्याने तुटत नाही.